सत्तरीनंतरचा दवाखाना आणि उत्पन्नाची अट



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी उभी हयात तालुक्याच्या गावी दवाखाना चालवला. इथल्या अनेकांच्या आईवडिलांना त्यांनी तपासलं आहे. म्हणून आजचा विषय मी दवाखान्यातलाच घेतला. म्हाताऱ्या माणसाला मोफत उपचार द्यायचे, तर ते सगळ्यांना द्यायचे की गरीब असल्याचा पुरावा आणेल त्यालाच द्यायचे, हा तो प्रश्न. वरवर तो हिशेबाचा वाटतो. एका देशात या प्रश्नावर सरकार आठवडाभर हललं होतं, आणि आपल्याकडे २०२४ मध्ये याच प्रश्नाचं उत्तर फारशी चर्चा न होताच बदललं.

माझं मत आधीच सांगतो. म्हातारपणीच्या उपचारांना उत्पन्नाची अट असू नये. श्रीमंताकडून जे घ्यायचं ते करातून घ्यावं, दवाखान्याच्या दारात त्याची झडती घेऊ नये. मात्र अट काढली की काम झालं, असंही मी मानत नाही. त्याकडे शेवटी येतो.

आधी आयर्लंडची हकिगत सांगतो. तिथे 'मेडिकल कार्ड' नावाची जुनी व्यवस्था आहे. कार्ड असलेल्याला डॉक्टरची तपासणी, सरकारी रुग्णालयातले उपचार आणि लिहून दिलेली औषधं यांची सोय सरकारी खर्चानं होते. ते उत्पन्न पाहून मिळत असे. २००० सालच्या डिसेंबरात अर्थमंत्री चार्ली मॅक्रीव्ही यांनी अर्थसंकल्पात जाहीर केलं, की सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला उत्पन्न न विचारता हे कार्ड मिळेल. जुलै २००१ पासून ते मिळू लागलं. पण घोषणा आधी झाली आणि तयारी नंतर. नव्यानं कार्ड मिळणाऱ्यांची संख्या सरकारनं ३९,००० धरली होती, प्रत्यक्षात ती ६० हजारांच्या पुढे गेली. आपल्या देशात सत्तरीपुढचे लोक किती, याचाही सरकारला नीट अंदाज नव्हता. दुसरी चूक त्याहून महागात पडली. डॉक्टरांच्या संघटनेशी दर ठरवायच्या आधीच तारीख जाहीर झाल्यामुळे सरकारचे हात बांधले गेले. अशा प्रत्येक नव्या कार्डधारकामागे डॉक्टरला वर्षाला सुमारे ६४० युरो द्यायचं ठरलं. गरीब म्हणून आधीपासून कार्ड असलेल्या त्याच वयाच्या रुग्णामागे मिळणाऱ्या रकमेच्या हे जवळपास चौपट होतं. एकाच डॉक्टरच्या एकाच बाकावर बसलेल्या दोन म्हाताऱ्यांपैकी सुखवस्तू म्हाताऱ्याची किंमत चौपट झाली. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे सात वर्षांनी खर्च वाढला म्हणून जी ओरड झाली, तिच्या मुळाशी हा करारही होता.

२००८ चा सप्टेंबर संपता संपता आयर्लंडच्या बँका कोसळायच्या बेतात आल्या आणि सरकारनं त्यांच्या सुमारे ४४० अब्ज युरोंच्या देण्यांची हमी घेतली. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, १४ ऑक्टोबरला, नेहमी डिसेंबरात येणारा अर्थसंकल्प घाईनं मांडला गेला. पंतप्रधान ब्रायन कोवेन, अर्थमंत्री ब्रायन लेनिहान, आरोग्यमंत्री मेरी हार्नी. अर्थसंकल्पात इतर कपातींबरोबर सत्तरीपुढच्या सर्वांना मिळणारं कार्ड बंद करून पुन्हा उत्पन्नाची अट लावायचं ठरलं. वाचणार होते सुमारे १०० दशलक्ष युरो. सरकारची बाजू ऐकायला रास्तच वाटते. तिजोरी रिकामी आहे, मग कोट्यधीशाच्या गोळ्यांचे पैसे कामगारानं का भरावेत?

पण घाबरले ते कोट्यधीश नव्हते. ज्यांचं कार्ड बहुधा राहिलंच असतं, अशी साधी निवृत्त माणसं घाबरली. मर्यादा किती, घर धरणार की नाही, बँकेतली शिल्लक धरणार की नाही, नवरा-बायकोचं एकत्र मोजणार का, यातलं काहीच कुणाला नीट सांगता येत नव्हतं. आठवड्याच्या आत सत्ताधारी फिआना फॉइल पक्षाचे जो बिहान यांनी पक्ष सोडला. फिनियन मॅग्रा या अपक्षानं पाठिंबा काढला. २१ ऑक्टोबरला डब्लिनच्या सेंट अँड्र्यूज चर्चमध्ये वृद्धांची सभा झाली, तेव्हा सरकारतर्फे आलेल्या मंत्र्याला लोकांनी बोलू दिलं नाही. त्याच दिवशी सरकार मागे सरलं आणि मर्यादा वाढवून एकट्या माणसाला आठवड्याला ७०० युरो, जोडप्याला १,४०० युरो केली. शंभरांतल्या पंच्याण्णव जणांचं कार्ड राहील, असं सांगितलं. तरी दुसऱ्या दिवशी संसदेवर सुमारे पंधरा हजार म्हातारी माणसं चालून गेली.

आता हिशेब करून पाहा. पंच्याण्णव जणांचं कार्ड राहणार असेल, तर हे सगळं रान उठवून वगळलं कुणाला? पाच जणांना. आणि मुख्य बचत हवी होती, तर ती डॉक्टरांच्या दरातूनही करता येत होती. ती त्याच सुमारास झालीही. चौपट दर रद्द होऊन सत्तरीपुढच्या प्रत्येक रुग्णामागे एकच दर, २९० युरो, ठरला. हे आधी करून मग उरलेल्या खर्चाकडे पाहायला हवं होतं. पुढची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. सरकार बदललं, कर्जाचा फास आवळला आणि उत्पन्नाची मर्यादा ७०० वरून ६०० आणि ६०० वरून ५०० युरोंवर आली. या वेळी सरकार मागे सरलं नाही. एकदा गट फुटला की कपात सोपी होते. आधी वरचे पाच, मग त्याखालचे. शेवटी २०१५ च्या ऑगस्टपासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला निदान डॉक्टरची तपासणी तरी उत्पन्न न विचारता मोफत करावी लागली. चौदा वर्षं फिरून तो देश मूळ विचाराच्या निम्म्या वाटेवर परत आला.

स्वीडनचे समाजशास्त्रज्ञ वॉल्टर कोर्पी आणि योआकिम पाल्मे यांनी १९९८ मध्ये अनेक देशांची तुलना करून हीच गोष्ट मांडली होती. जे देश मदत फक्त गरिबांपुरती राखतात, तिथे गरिबी कमी होते असं दिसत नाही, कारण ज्या योजनेत मध्यमवर्ग नसतो तिच्या पाठीशी उभं राहायला कुणी उरत नाही. हा सिद्धांत सगळीकडे जशाच्या तसा लागू पडतो असा माझा दावा नाही. पण आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांचं काय झालं ते ज्यांनी पाहिलं, त्यांना तो समजावून सांगावा लागणार नाही.

आता आपल्याकडे. आयर्लंडमध्ये उत्पन्न मोजता तरी येतं. पेन्शन बँकेत जमा होते, करखात्याला ती दिसते. आपण म्हाताऱ्या माणसाचं उत्पन्न कशानं मोजतो? रेशनकार्डाच्या रंगानं आणि तहसीलदाराच्या दाखल्यानं.

रेशनकार्डाचं घ्या. १९९९ पासून महाराष्ट्रात तीन रंग आहेत. वार्षिक उत्पन्न १५,००० पर्यंत असेल तर पिवळं, त्यावर एक लाखापर्यंत केशरी, पुढे पांढरं. कुटुंबात चारचाकी असेल किंवा चार हेक्टर बागायत असेल, तरी पांढरं. महागाई कुठल्या कुठे गेली, एक लाख तिथेच राहिले. २ जुलै २०१२ ला आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी योजना, जिचं २०१७ मध्ये महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना असं नाव झालं, ती मुख्यतः पिवळ्या आणि केशरी कार्डांवर चालली. पांढरं कार्ड असलेल्या बहुतेकांना ती नव्हती.

माझ्या पाहण्यातल्या एका आजी होत्या, सोलापूर जिल्ह्यातल्या. वय पंच्याहत्तरच्या घरात. मोरीत पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. घरचं कार्ड पांढरं. का, तर मुलानं कधी काळी हप्त्यावर जुनी मोटार घेतली होती. हप्ते थकले, मोटार विकली, कार्डाचा रंग तोच राहिला. आजींच्या स्वतःच्या नावावर काय होतं? कनवटीला बांधलेल्या काही नोटा आणि गळ्यातले चार मणी. त्या घरात त्या सकाळचा चहासुद्धा सुनेच्या सोयीनं घेत. पण सरकारच्या लेखी त्या सुखवस्तू. रुग्णालयात योजनेचं काम पाहणाऱ्या आरोग्यमित्रानं कार्ड पाहिलं आणि हळहळत मान हलवली. त्याच्या हातात दुसरं काही नव्हतं. मुलानं व्याजानं पैसे काढले. ऑपरेशन उशिरा झालं आणि त्या पुन्हा आधाराशिवाय चालल्या नाहीत.

या प्रसंगात कुणी दुष्ट नाही. नियम कुटुंबाची मिळकत मोजतो. म्हाताऱ्या बाईच्या हातात किती येतं ते मोजत नाही. आपल्याकडे जमीन मुलाच्या नावे, घर मुलाच्या नावे, आणि विधवेचा खर्च मुलाच्या मर्जीवर. उत्पन्नाची अट लावताना आपण गृहीत धरतो की मुलाचा पैसा तो आईचा पैसा. तो तसा असता, तर २००७ मध्ये संसदेला आईवडिलांच्या चरितार्थासाठी कायदा करावा लागला नसता.

दाखल्याची गोष्ट वेगळी नाही. श्रावणबाळ निवृत्तीवेतन योजनेत पासष्टीपुढच्या निराधाराला महिन्याला १,५०० रुपये मिळतात आणि त्यासाठी कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २१,००० च्या आत असावं लागतं. म्हणजे दिवसाला ५८ रुपयांच्याही आत. २०२४-२५ मध्ये आपल्या राज्यात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. घरातल्या एका माणसानं वर्षात ७१ दिवस खड्डे खणले की ते कुटुंब मर्यादेबाहेर गेलं. मग दाखला निघतो कसा? आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. सेतू केंद्रावर अर्ज भरणारा विचारतो, "किती टाकू?" आणि अर्जदार म्हणतो, "बसंल तेवढं टाका." तलाठ्याचा अहवाल, स्वयंघोषणापत्र, रेशनकार्डाची झेरॉक्स, सगळं जोडलं जातं आणि आकडा मर्यादेच्या आत बसतो. यात अर्जदाराला मी दोष देत नाही. खरं बोलणाऱ्याला उपाशी ठेवणारी मर्यादा आखून आपण सत्तरीच्या माणसाला सही-शिक्क्याचं खोटं बोलायला लावतो. ज्याची ओळख आहे, ज्याला दोन खेपा घालता येतात, त्याला दाखला मिळतो. जो खरोखर निराधार आहे, त्याला तालुक्याला जायचं भाडंही नसतं. श्रीमंताला बाहेर ठेवायला लावलेली चाळण अशी उलटी चालते.

म्हणून २०२४ मध्ये जे झालं, त्याचं मी मनापासून स्वागत करतो. ११ सप्टेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं आयुष्मान भारत योजना सत्तरीपुढच्या सर्वांना उत्पन्न न पाहता लागू केली आणि २९ ऑक्टोबरला, धन्वंतरी जयंतीला, 'वय वंदना' कार्ड सुरू झालं. वर्षाला पाच लाखांपर्यंतचे रुग्णालयातले उपचार. जुना आजार असला तरी पहिल्या दिवसापासून, थांबण्याची मुदत नाही. साडेचार कोटी कुटुंबं, सहा कोटी ज्येष्ठ, असा सरकारचा अंदाज. त्याआधी १ जुलै २०२४ पासून महाराष्ट्रानंही फुले योजना पांढऱ्या कार्डासह सर्वांना खुली केली होती, आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत केसपेपरचे पैसेही बंद झाले होते. शेजारच्या गोव्यात २०१६ पासून पाच वर्षांचा रहिवास एवढ्याच मुख्य अटीवर आरोग्य विमा आहे. त्या आजींच्या वेळी यातलं काही असतं, तर मुलाच्या डोक्यावर व्याज चढलं नसतं.

राजकीय पक्षांत यावर फारसा वाद नव्हता हेही नोंदवायला हवं. दिल्लीच्या त्या वेळच्या सरकारनं केंद्राची योजना घेतली नाही, पण डिसेंबर २०२४ मध्ये त्यांच्या पक्षानं साठीपुढच्या सर्वांना मोफत उपचार देण्याचं स्वतःचं आश्वासन दिलं, तेही उत्पन्नाच्या अटीशिवाय. विरोधकांचं अटीबाबत एकमत होतं, ते श्रेयाबाबत भांडत होते. हरकत घेतली ती काही अर्थशास्त्रज्ञांनी आणि आरोग्यक्षेत्रात काम करणाऱ्या काही मित्रांनी. त्यांची हरकत मला हलक्यानं घ्यायची नाही.

ते म्हणतात, पैसा मोजका आहे. पहिल्या टप्प्यासाठी सांगितलेली तरतूद ३,४३७ कोटी. ती सहा कोटींनी भागली, तर माणशी पावणेसहाशे रुपयेही होत नाहीत. एवढ्या पैशात सगळ्यांना बोलावलं, तर आत कोण पोचेल? शहरातला, गाडीनं येणारा, ज्याचा भाचा रुग्णालयात ओळखीचा आहे तो. गडचिरोलीतल्या माणसाला यादीवरचं रुग्णालय सापडेपर्यंत त्याच्या वाट्याचा पैसा पुण्यात संपलेला असेल. ही भीती खरी आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये हरियाणातल्या खासगी रुग्णालयांनी थकलेल्या बिलांसाठी या योजनेतले रुग्ण घेणं थांबवलं होतं. खाट नसेल तर कार्ड नुसतं खिशात राहतं.

पण या हरकतीचं उत्तर उत्पन्नाची अट नव्हे. अट लावली तरी गडचिरोलीत रुग्णालय उगवणार नाही. तिथे रुग्णालय लागेल, भूलतज्ज्ञ लागेल, थकलेले दावे वेळेवर चुकते व्हायला लागतील. शहरी मध्यमवर्ग योजनेत असेल, तर थकबाकीची बातमी पहिल्या पानावर येण्याची शक्यता तरी वाढते.

दुसरी हरकत मात्र मला फार बोचते, आणि ती घेणारे तिचा पुरेसा आग्रह धरत नाहीत. उत्पन्नाची अट काढून आपण वयाची अट ठेवली, सत्तर. सत्तरीपर्यंत पोचतं कोण? ऊसतोडीला जाणारी बाई, बाजार समितीतला हमाल, सिन्नर-सोलापूरची विडी वळणारी कामगार, यांची शरीरं पंचावन्नला थकतात. ती सत्तरी गाठत नाहीत, किंवा गाठतात तेव्हा उपचारांची वेळ टळून गेलेली असते. खुर्चीवर बसून नोकरी केलेला माणूस पंच्याऐंशीपर्यंत कार्ड वापरतो. उत्पन्नाचं नाव न घेताही वयाची मर्यादा गरिबाला गाळते. जे कुटुंब आयुष्मान भारतच्या गरीब कुटुंबांच्या जुन्या यादीत नाही, त्यातल्या अठ्ठावन्न वर्षांच्या मजुराला केंद्राच्या योजनेत आजही जागा नाही. संसदेच्या स्थायी समितीनं २०२५ मध्ये ही मर्यादा साठीवर आणण्याची शिफारस केली. ती स्वीकारायलाच हवी. मी तर म्हणेन, अंगमेहनतीच्या नोंदणीकृत कामगारांसाठी ती पंचावन्न असावी.

आणि वय तरी सिद्ध कसं होतं? आधारकार्डावरून. आपल्या पिढीत किती जणांचा वाढदिवस १ जूनला येतो ते आठवा. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजानं लिहिलेली तारीख ती. जी बाई शाळेतच गेली नाही, तिच्या आधारवर नुसतं सालच कळल्यामुळे १ जानेवारी पडलेली असते, आणि ते सालही नोंदणी करणाऱ्या मुलानं चेहरा पाहून घातलेलं. खऱ्या बहात्तरीची बाई कागदावर सहासष्टची निघते. त्यातून ई-केवायसीच्या वेळी भांडी घासून झिजलेल्या बोटांचे ठसे उमटत नाहीत. वयाची चाळण उत्पन्नाच्या चाळणीपेक्षा कमी वाईट आहे, एवढंच मी म्हणेन. तिच्यात निदान खोटं बोलावं लागत नाही. अमृत ज्येष्ठ नागरिक योजनेत २०२२ पासून पंच्याहत्तरीपुढचा माणूस एसटीनं फुकट जातो. कंडक्टर कार्ड पाहतो आणि शून्य रकमेचं तिकीट फाडतो, शेती किती आणि मुलगा काय करतो हे विचारत नाही. म्हातारा ताठ मानेनं खिडकीशी बसतो. दवाखान्यात मला हेच पाहायचं आहे.

शेवटचा मुद्दा, जो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. वय वंदना कार्ड भरती झालेल्या रुग्णासाठी आहे. भरतीआधीचे तीन दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस यांचा खर्च त्यात येतो. सोळाव्या दिवसापासूनच्या गोळ्या कुणाच्या? म्हातारपणातला मोठा खर्च दर महिन्याच्या औषधांचा असतो. रक्तदाब, साखर, दमा, सांधे, मोतीबिंदूनंतरचे थेंब. मी ग्रामीण रुग्णालयात काम करत असताना गोळ्या अर्ध्या करून खाणारी कितीतरी म्हातारी माणसं पाहिली आहेत. महिन्याची पट्टी दोन महिने पुरवायची, आणि चक्कर आली की देवाला नारळ बोलायचा. अशातून पक्षाघात होतो, मग भरती होते आणि मग सरकार पाच लाखांपर्यंत खर्च करायला तयार असतं. रोजच्या काही रुपयांच्या गोळ्या वेळेवर मिळाल्या असत्या, तर यांतले कितीतरी जण भरतीच झाले नसते. आयर्लंडच्या कार्डात गावच्या डॉक्टरची भेट आणि औषधं आधी होती, आणि म्हणूनच ते गेलं तेव्हा माणसं रस्त्यावर आली. आपलं कार्ड रुग्णालयाच्या दारातून सुरू होतं.

१९४६ च्या भोर समितीनं सांगून ठेवलं आहे, की पैसे नाहीत म्हणून कुणी उपचारांवाचून राहू नये. तिनं आखलेली रचना प्राथमिक आरोग्य केंद्रापासून सुरू होते. त्या क्रमानं आपण गेलो असतो, तर आज कार्डांचे रंग मोजत बसलो नसतो.

या सभागृहात पेन्शनर बरेच आहेत. तुमच्यापैकी काहींनी मला आधीच विचारलं, आम्हाला गरज नसताना आम्ही हे कार्ड काढावं का? जरूर काढा. योजनेत तुम्ही असणं गरिबाच्या फायद्याचं आहे, कारण दावा नाकारला गेला तर तक्रार कशी लिहायची हे तुम्हाला येतं. त्याबरोबर कर पुरता भरा, आणि आपल्या घरी धुणंभांडी करणाऱ्या बाईंच्या आधारवरचं जन्मसाल एकदा पाहून ते दुरुस्त करायला मदत करा. पुढच्या निवडणुकीत उमेदवार दारात येईल. किती कार्डं वाटली ते तो आपणहून सांगेल. तुम्ही त्याला विचारा, की आपल्या ग्रामीण रुग्णालयात रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या एका वेळी महिनाभराच्या मिळतात का. उत्तर घेतल्याशिवाय त्याला जाऊ देऊ नका.